लाडकुंवरबाई विमान बघायला जातात

कार्तिकी पौर्णिमा झाली, चातुर्मास संपला आणि लाडकुंवरबाई जेवताना आपण होऊन म्हणाल्या, "रविवारी मीही येते जामनेर रोडला."

घरात कुणाचा विश्वास बसेना. जळगावच्या त्या घरात 'जामनेर रोड' म्हटलं की एकच अर्थ होता, प्रकाशचंदांचं संग्रहालय. जमीन लाडकुंवरबाईंची, त्यांच्या वडिलांनी लग्नात लेकीच्या नावावर करून दिलेली. तिच्यावर त्यांच्या नवऱ्यानं लांबच लांब शेड उभी केली होती. शेडमध्ये जुन्या मोटारी होत्या आणि दोन लष्करी विमानं. शाळांच्या सहली यायच्या, इंदूर-सुरतेची माणसं वाट वाकडी करून यायची. जमिनीच्या मालकीणबाई मात्र एकदाही तिथं गेल्या नव्हत्या. "मारायची यंत्रं ती. आपण मुंगी चुकवून चालणारी माणसं," एवढं बोलून त्यांनी विषय कधीच मिटवला होता. प्रकाशचंदांनीही कधी आग्रह धरला नव्हता.

रविवारी सकाळी त्यांचा मुलगा अखिल गाडी चालवत होता. शेजारी रुपचंदकाका, मागे आई. काका म्हणजे प्रकाशचंदांचे धाकटे भाऊ, धुळ्याचे. आदल्या संध्याकाळीच मुक्कामाला आले होते. हवेत गारवा होता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कपाशी फुटून पांढरी झाली होती आणि बायका ओट्या बांधून वेचणीला लागल्या होत्या.

"बाई, शाल घे अंगावर," अखिल म्हणाला. आईला तो बाईच म्हणे.

"घेतली आहे."

"तिथं खूप आवाज होईल. तुला त्रास वाटला तर गाडीत बसून राहा. मी काचा लावून देतो."

"आवाज ऐकायलाच निघाले आहे ना मी?" लाडकुंवरबाई म्हणाल्या.

रुपचंदकाकांनी अखिलकडे पाहिलं. दोघांचं रात्रीच ठरलं होतं. नाशिककडचे एक हॉटेलवाले सगळा संग्रह न्यायला तयार होते. काचेचं मोठं दालन बांधणार होते, देखभालीला माणसं ठेवणार होते. संग्रहालयाच्या ट्रस्टवर तिघंच होते, प्रकाशचंद, लाडकुंवरबाई आणि अखिल. प्रकाशचंद नाहीच म्हणणार. म्हणजे निर्णय बाईंच्या हातात होता, आणि ज्या बाईंनी आजवर तिथं पाऊल टाकलं नाही, त्या कशाला अडवतील?

अखिलला वडिलांचा राग होता असं नाही. त्याला भीती होती. मागच्या वर्षी प्रकाशचंद विमानाच्या पंखावर चढले, पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्याच्या खाटेवर शुद्धीत आल्याबरोबर त्यांनी पहिलं विचारलं ते पंखाला पोचा तर आला नाही ना. त्या क्षणी अखिलच्या मनानं घेतलं की हे आता थांबायला हवं. चेलना, त्याची मुलगी, पुण्याला विमानाच्या इंजिनांचं शिकून आली होती. दोन वर्षं आजोबांच्या मागे राबत होती, पण तिलाही बंगळूरला नोकरी लागली होती. संक्रांतीनंतर ती जाणार. मग उरणार कोण? डाळमिलमध्ये दिवसभर खपून संध्याकाळी ऑस्टिनच्या चाकांत हवा भरणारा अखिल?

"आज निवांत बोलू सगळे," रुपचंदकाका म्हणाले. "भाईसाहेबांचं वय झालं आता."

"वय सगळ्यांचंच झालं," मागून लाडकुंवरबाई म्हणाल्या.

फाटकापाशी प्रकाशचंद उभे होते. एका हातात काठी, डोक्यावर इस्त्रीची टोपी. बायको गाडीतून उतरताना दिसली तसे ते दोन पावलं पुढं आले आणि थांबले. साठ वर्षांच्या संसारात तिला काय म्हणून 'या' म्हणायचं ते त्यांना सुचेना.

"आलीस," ते म्हणाले.

"आले."

चेलना तेलकट हातांनीच धावत आली आणि कोपरांनी आजीला मिठी मारली. "दादी, आधी मोटारी बघ. मग विमान. आज इंजिन पहिल्यांदा सुरू करणार आहोत."

शेडचा दरवाजा सरकला. बाहेरच्या उन्हातून आत आल्यावर क्षणभर काही दिसेना. मग एकेक करून मोटारी उजळू लागल्या. काळी ऑस्टिन, रुंद पायऱ्यांची शेवरलेट, पितळी दिव्यांची एक फोर्ड, जिचं हुड लाकडी फासळ्यांवर ताणलेलं होतं. दिव्यांच्या वाट्या एवढ्या लखलखीत, की त्यांत आख्खी शेड उलटी दिसत होती आणि त्या उलट्या शेडमध्ये इवल्याशा लाडकुंवरबाई चालत होत्या.

 प्रकाशचंद मागून काठी टेकत येत होते. पाहुण्यांना सांगायचं सगळं त्यांना तोंडपाठ होतं. ही कुठल्या संस्थानिकांची, ही कुठल्या कलेक्टरची, ही कुणाच्या गोठ्यात कडब्याखाली सापडली. आज त्यांतलं एक वाक्य ओठांवर येईना.

"ही सापडली तेव्हा हिच्यात कोंबड्या राहत होत्या," शेवटी ते एवढंच म्हणाले.

लाडकुंवरबाई वाकल्या, गाडीच्या गादीवरून हात फिरवला आणि पुढं निघाल्या.

शेडच्या टोकाला पोचल्या आणि जागच्या जागी उभ्या राहिल्या.

तिथं छत उंच होतं. डावीकडे करड्या रंगाचं जेट होतं, सुईसारखं टोकदार. त्याचं इंजिन कधीच काढून घेतलं होतं, पण उभं असं होतं की आत्ता निघेल. उजवीकडे पिवळं विमान. त्याच्या नाकात सिलिंडरांचं गोल कडं, पुढं माणसापेक्षा उंच दोन पात्यांचा पंखा, आणि शेपूट जमिनीला टेकलेली, त्यामुळे ते मान वर करून आभाळाकडे बघतंय असं वाटे. पुस्तकात, टीव्हीवर विमानं सगळ्यांनी बघितलेली असतात. पण एवढ्या जवळून, एवढं मोठं, रिव्हेट न् रिव्हेट मोजता येईल असं समोर आलं की बोलणारा माणूसही आवाज खाली आणतो. देरासरात, देवापुढं शिरताना आणावा तसा.

जेटपाशी अमृतनाना उभे होते. शिरपूरकडचे. हवाई दलात इंजिनांवर आयुष्य काढून निवृत्त झालेले. मोठ्या मिशा, मोठा आवाज. आपली तारीफ करायला ते कधी दुसऱ्याची वाट बघत नसत. पण बाईजींना पाहून त्यांनीही हात जोडले.

"नाना," लाडकुंवरबाईंनी जेटच्या पोटाकडे बोट केलं, "ही भोकं कसली?"

"तोफांची, बाईजी. गोळ्या तठून सुटत."

"यानं माणसं मारली?"

 अखिलला वाटलं, झालं, आता ती मागे फिरणार.

"यानं लढाई पाह्येल शे," नाना हळू म्हणाले. "कोण मेलं, किती मेले, ते वरून दिसत नाही बाईजी. खोटं का सांगू."

"आणि याच्यात बसणारी पोरं? ती परत आली?"

"आली. पण बठ्ठी नही."

"सगळी नाही," स्वतःशीच म्हणत लाडकुंवरबाईंनी डोळे मिटले. क्षमा मागताना ओठ हलले, "मिच्छामि दुक्कडम्" एवढंच ऐकू आलं. मग डोळे उघडून त्या कितीतरी वेळ त्या यंत्राकडे बघत राहिल्या. तिरस्कारानं बघत नव्हत्या. दरीच्या काठावर उभं राहून खाली बघावं, तशा बघत होत्या.

"आणि हे पिवळं?"

"हे शिकायचं विमान, दादी," चेलना म्हणाली. "हार्वर्ड. याच्यावर बंदूक नव्हती. पोरं आधी याच्यावर शिकायची, मग मोठ्या विमानात जायची."

*

ट्रॅक्टरला बांधून पिवळं विमान बाहेर मुरमाच्या पट्ट्यावर आणलं. उडायचं नव्हतं ते. उडवायचं तर वेगळ्या परवानग्या, वेगळ्या तपासण्या, त्या अजून खूप लांब होत्या. पण इंजिन जिवंत करायचं आणि जमिनीवर चालवून बघायचं, इथवर गाडी आली होती. भंगारातून आणलेला सांगाडा, कुठकुठून मागवलेले भाग, नानांचे अनुभवी हात आणि चेलनाची दोन वर्षं.

चेलना पुढच्या खुर्चीत बसली होती. समोर घड्याळांसारख्या तबकड्या, पायाशी पेडल. आजवर तिनं इथं बसून शंभरदा उजळणी केली होती. आज पुन्हा एकदा ती एकेक कळ बोटानं मोजत होती.

"आधी पंखा हातानं फिरवा लागी," खालून नाना ओरडले. "खालच्या सिलिंडरांत तेल साचेल शे, ते निघालं पाहिजे. अखिलभाऊ, या, हात लावा."

"मी?"

"मग काय बाईजी लावतील?"

पांढऱ्या शर्टाच्या बाह्या वर करून अखिल पुढं आला. त्यानं पात्याला खांदा दिला. पातं जड होतं, आधी हललंच नाही. मग आत कुठंतरी खोल, ओल्या घशातून निघावा तसा आवाज आला आणि पातं सरकलं. चेलनानं वरून वडिलांचा चेहरा पाहिला. ते दात-ओठ खाऊन जोर लावत होते, आणि तो आवाज आला तेव्हा क्षणभर ते थांबून ऐकायला लागले होते. तिला वाटलं, पप्पांचा असा चेहरा आपण कधी पाहिलेलाच नाही.

"बठ्ठा मांगे सरका!"

दोरीच्या पलीकडे सगळे गेले. चाकांना ठोकळे लावलेले होते. नाना आग विझवायचं नळकांडं घेऊन उभे राहिले. चेलनानं हातपंपानं पेट्रोल मारलं, कळ दाबली. स्टार्टर कण्हत कण्हत वर चढत गेला, तिनं दुसरी कळ ओढली. पंखा गर्रकन फिरला, इंजिन एकदा खोकलं, पांढऱ्या धुराचा लोट आला आणि पंखा थांबला.

पुन्हा. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर खोकलंही नाही. पेट्रोलचा उग्र वास सगळीकडे पसरला.

"थांब पोरी," नाना म्हणाले. "पेट्रोल जास्ती झालं. प्लग ओले झालेत. सुकू दे आता. घाई करानी नही."

चेलना खाली उतरली. प्रकाशचंद खुर्चीवर बसले होते. त्यांनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला, पण नजर विमानावरून हलली नाही.

तिकडे झाडाखाली सारिका, अखिलची बायको, बाट्या उलटत होती. गोवऱ्यांचा धूर सरळ वर चालला होता. अखिलला वाटलं, बोलायचं तर आत्ताच.

"बाबूजी," तो म्हणाला, "मला एक विषय काढायचा आहे. राग मानू नका."

त्यानं नाशिकचं सगळं सांगितलं. मोठं दालन, एसी, माणसं. शेवटी म्हणाला, "तिथं यांची काळजी घेतली जाईल. इथं कोण आहे? चेलना जाणार. नाना किती दिवस? आणि तुम्ही परत पंखावर चढणार, मी काय रोज जीव मुठीत धरून मिलमध्ये बसू?"

"पप्पा, आज?" चेलनाचा आवाज चढला. "आजच बोलायचं होतं?"

"सगळे एकत्र कधी असतात?"

"अखिल खरं बोलतो, भाईसाहेब," रुपचंदकाका मधे पडले. "आपण व्यापारी माणसं. विमानं सांभाळणं हा काय आपला धंदा आहे का?"

"धंदा म्हणून कोणी केलं?" प्रकाशचंद म्हणाले.  "हॉटेलात ठेवतील. लग्नाच्या वरातीत ऑस्टिन भाड्यानं देतील. पिवळ्यासमोर पोरं-पोरी फोटो काढतील, पंखा फिरतो का हे कुणी विचारणार नाही. त्यापेक्षा परत भंगारात घाला."

"पण बाबूजी..."

"तुला मोठा झाल्यापासून हे नकोच होतं."

"मला बाप पाहिजे होता!" अखिल ओरडला आणि स्वतःच दचकला. जरा थांबून खालच्या आवाजात म्हणाला, "रविवार यांचा असायचा. मला मिळाले ते त्या ऑस्टिनखालून बाहेर आलेले तुमचे पाय."

प्रकाशचंदांनी मान खाली घातली. चेलना वडिलांना बोलणार होती, ती त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. हे तिनं कधी ऐकलं नव्हतं.

रुपचंदकाका लाडकुंवरबाईंकडे वळले. "भाभी, आता तुम्हीच सांगा. जमीन तुमची, ट्रस्टवर तुम्ही. तुम्हाला तर हे कधीच पसंत नव्हतं."

लाडकुंवरबाई पिवळ्या विमानाकडे बघत होत्या. तशाच बघत त्या म्हणाल्या, "रूपू, नेरच्या माळावर विमान उतरलं होतं, आठवतं तुला?"

"आठवतं का म्हणजे!" काकांचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. विषय कुठं चालला आहे याचंही त्यांना भान राहिलं नाही. तेव्हा धुळ्याजवळ नेरला त्यांचं किराणा दुकान होतं. "वावटळ काय उठली होती! आभाळ लाल. आणि त्याच्यातून हे असंच पिवळं विमान खाली आलं, घरांच्या इतक्या जवळून गेलं की कौलं थरथरली. दुकानं उघडी टाकून गाव पळालं. भाईसाहेबांच्या पायात चप्पल नव्हती, मी त्यांच्या मागे. माळावर जाऊन बघतो तर ते उभं! पायलट खाली बसून पाणी मागतोय. पाटलांच्या पोरानं घागर आणली. मी त्या पंखाला हात लावला, भाभी. तापला होता. आजही इथं, तळव्याला आठवतं. सगळं गाव होतं. सगळं!"

"सगळं नव्हतं," लाडकुंवरबाई म्हणाल्या.

काकांनी वर धरलेला तळवा खाली घेतला.

"लग्न होऊन मला महिनाही झाला नव्हता. कौलं माझ्याही डोक्यावर थरथरली. मी ताक घुसळत होते. रवी टाकून मी दारापर्यंत पळाले. सासूबाईंनी दार लावून घेतलं. नवी सून उघड्या माळावर जात नाही, म्हणाल्या. दाराच्या फटीतून मला पळणारे पाय दिसले नुसते. आवाज यायचा. लोक ओरडत होते, हसत होते. दुसऱ्या दिवशी ते उडून गेलं, तेव्हाही मी आतच."

प्रकाशचंद बायकोकडे बघत होते.

"संध्याकाळी हे आले. ओट्यावर माणसं जमली. यांनी सगळ्यांना सांगितलं, हातवारे करकरून. पुढं महिनाभर सांगत होते. आलेल्या पाव्हण्याला सांगायचे, गेलेल्याला सांगायचे. मी पाण्याचे तांबे नेऊन ठेवायची. मला कधी नाही सांगितलं. मला वाटायचं, आज नाही तर उद्या म्हणतील, ये, तुला सांगतो कसं होतं. मग मोटारी आल्या. मग हे आलं. जग बघून गेलं. मला कुणी 'चल, दाखवतो' म्हणालं नाही."

"तू तर म्हणायचीस, हिंसेची यंत्रं आहेत," प्रकाशचंद कसेबसे बोलले.

"म्हणायचे. खोटं नव्हतं ते. पण तेवढंच नव्हतं." त्यांनी पदर सारखा केला. "काहीतरी म्हणावं लागतंच ना माणसाला."

रुपचंदकाका आपल्या तळव्याकडे बघत बसले. अखिलला आपण कुठून बोलायला सुरुवात केली होती तेच आठवेना. तो आईचा चेहरा बघत होता. या बाईला आपण आपल्या बाजूची धरून चाललो होतो. ती कुणाच्याच बाजूची नव्हती. तिला अजून काही बघायलाच मिळालं नव्हतं.

प्रकाशचंद काठीवर जोर देऊन उठले. बायकोसमोर येऊन उभे राहिले. पोरांसमोर, भावासमोर, सुनेसमोर असं काही बोलायची त्या घरात रीत नव्हती.

"चल," ते म्हणाले. "दाखवतो."

*

त्यांनी तिला विमानाभोवती फिरवलं. अगदी सावकाश, कारण दोघांनाही भरभर चालता येत नव्हतं. या सिलिंडरांत आग होते. हे पातं हवा कापतं. ही शेपटीची फळी हलली की तोंड वळतं. लाडकुंवरबाई विचारत होत्या आणि ते सांगत होते. मधेच नानांनी काही सांगायला तोंड उघडलं, तर चेलनानं त्यांचा दंड धरला.

लाडकुंवरबाईंनी पंखावर तळवा ठेवला. उन्हानं तापला होता.

"नाना," चेलना म्हणाली, "सुकले असतील प्लग."

पुन्हा सगळे दोरीमागे गेले. स्टार्टर कण्हला. लाडकुंवरबाईंनी नकळत नवऱ्याच्या काठीची मूठ धरली, त्यांच्या हातावर हात ठेवून. पंखा फिरला, थांबतोय असं वाटलं, एक सिलिंडर पेटलं, मग दुसरं, निळ्या धुराचा लोट उसळला, आणि मग सगळं इंजिन एकदम पेटून उठलं.

तो आवाज कानांनी ऐकायचा नव्हता. तो पायांतून आला, मुरमातून, छातीच्या पिंजऱ्यातून. पंखा दिसेनासा झाला. त्याच्या जागी उन्हाचं एक थरथरतं चक्र उरलं. मागचं गवत झोपलं, झाडाखालची राख उडाली, लिंबावरचे सगळे पक्षी एका झपाट्यात आभाळात गेले. एवढं वजन, एवढं लोखंड, आणि ते ठोकळ्यांना रेटत होतं, पुढं जायला मागत होतं. लाडकुंवरबाईंना वाटलं, आपण देवाजवळ उभं राहतो तेव्हाही इतकं लहान कधी वाटलं नाही. आणि इतकं बरंही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्या पुसत नव्हत्या. त्यांनी बाजूला पाहिलं. प्रकाशचंद विमानाकडे बघत नव्हते. ते बायकोच्या तोंडाकडे बघत होते.

चेलनानं इंजिन मंद केलं. नाना अंगठा वर करून नाचत होते. अखिल दोरी ओलांडून कधी पुढं गेला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. त्याचे केस, शर्ट सगळं मागं उडत होतं आणि तो तोंड उघडं टाकून उभा होता.

इंजिन नीट तापलं, तबकड्यांचे काटे जागेवर आले. चेलनानं ते बंद केलं. आता पट्ट्याच्या टोकापर्यंत चालवून बघायचं होतं.

"मागची खुर्ची रिकामी आहे ना?" लाडकुंवरबाईंनी विचारलं.

"बाई!" अखिल ओरडला. "काहीतरीच काय! बाबूजी पडले तिथून!"

"ते चढले होते एकटे. मला तू चढव."

अखिलनं वडिलांकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं. चेलनाकडे पाहिलं. "ते उडणार नाही पप्पा, ट्रॅक्टरइतकंच जोरात चालेल," ती म्हणाली. रुपचंदकाकांनी तर आधीच शिडी उचलली होती.

"काका, तुम्हीसुद्धा?"

"धर ती बाजू," काका म्हणाले.

एका बाजूनं मुलगा, एका बाजूनं दीर, वरून नानांचा हात, अशा लाडकुंवरबाई चढल्या. नानांनी पट्टे आवळले, कानांवर मोठी टोपी घातली. खाली प्रकाशचंद एकटे उभे होते. खुब्यामुळे त्यांना आता कधीच चढता येणार नव्हतं. लाडकुंवरबाईंनी वरून त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांना वाईट वाटलं. पण उतरल्या नाहीत.

विमान निघालं. पुढचं नाक उंच असल्यानं समोरचं दिसत नसे, म्हणून चेलना ते नागमोडी चालवत होती. डावीकडे तोंड झालं की कपाशीचं पांढरं शेत, उजवीकडे झालं की केळीची हिरवी भिंत. वारा तोंडावर आदळत होता. पट्ट्याच्या टोकाला चेलनानं वळवलं आणि येताना जरा जोर दिला. शेपूट हलकी झाल्यासारखी वाटली, आणि लाडकुंवरबाई मोठ्यानं ओरडल्या. काय ओरडल्या ते इंजिनात कुणालाच ऐकू आलं नाही.

परत आल्यावर इंजिन थांबलं तरी त्या उतरेनात. टोपी काढून त्या कुंपणाकडे बघत होत्या. तारेपलीकडे शेतातल्या वेचणीच्या बायका ओळीनं उभ्या होत्या, कापसाच्या ओट्या तशाच कमरेला. काही तोंडावर पदर धरून, काही डोळ्यांवर हात धरून.

"अखिल," त्यांनी वरून हाक मारली. "फाटक उघड. त्यांना आत घे."

"घेतो. तू आधी उतर."

"उतरते. आणि ऐक. ही यंत्रं इथून जाणार नाहीत. नाशिकवाल्यांना तसं सांग. चेलनाला मात्र कुणी अडवू नका. तिला बंगळूरला जाऊ दे, तिला वाटेल तेव्हा ती येईल."

"मग बघणार कोण, बाई?"

"ते तू आणि मी ठरवू. बाबूजींना पंखावर चढू द्यायचं नाही, एवढं मी बघते." त्या जरा थांबल्या. "आणि त्या करड्याची भोकं रंगवून झाकू नका. आलेल्या माणसाला सांगायचं, हे कशासाठी बनवलं होतं. नुसतं कौतुक नको."

"सांगू," प्रकाशचंद खालून म्हणाले. "तूच सांग."

अखिलनं आईला उतरवून वडिलांजवळच्या खुर्चीवर बसवलं. ती त्यांच्याकडे झुकून काहीतरी सांगायला लागली होती, हातांनी वळणं दाखवत. तो फाटकाकडे गेला.

बायका आत आल्या, पण विमानापासून दूर उभ्या राहिल्या. अखिलनं दोरी सोडली, तेव्हा एकेक पुढं झाली. "माय वं," एक जण म्हणाली. दुसरीनं पंखाखाली जाऊन वर बघितलं. नाना बढाया मारायला आलेच होते, पण सगळ्यांत वयस्कर बाई अखिलकडेच वळली. पांढऱ्या शर्टावर पात्याचं काळं तेल लागलेलं, म्हणून तिला तोच इथला वाटला असावा.

"दादा," तिनं विचारलं, "हाई इमान उडस का?"

चेलना पंखावर उभी होती. ती वडिलांकडे बघत होती.

अखिलनं विमानाकडे पाहिलं. इंजिनातून अजून गरम धातूची टिकटिक ऐकू येत होती.

"अजून नाही, मावशी," तो म्हणाला.